शिक्षण खात्याचं ऑफिस गावातच, पण प्रवेश शाळेच्या दारातच: अ‍ॅथलोनच्या माध्यमिक शाळांचा कारभार

अ‍ॅथलोन हे आयर्लंडच्या बरोबर मध्यावरचं, शॅनन नदीकाठचं गाव. वस्ती जेमतेम बावीस-तेवीस हजार. या गावाबाहेर कॉर्नामॅडी नावाचा भाग आहे आणि तिथे शिक्षण खात्याचं मोठं ऑफिस आहे. देशभरातल्या हजारो शिक्षकांचे पगार तिथून निघतात. शेजारीच राज्य परीक्षा आयोग आहे, म्हणजे आपल्याकडच्या बोर्डाचं मुख्य ऑफिस म्हणा. त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला वाटतं, शाळेत जागा मिळाली नाही तर सरळ खात्यात जाऊन भेटू, कोणी साहेब असेल, अर्ज देऊ.

तसं होत नाही. त्या ऑफिसातल्या कोणालाही तुमच्या मुलाला गावातल्या शाळेत बसवण्याचा अधिकार नाही. हे आधी नीट समजलं नाही की पालक चुकीच्या दारात आठवडे घालवतात आणि तोवर खऱ्या दाराची मुदत उलटून जाते. म्हणून आधी कारभार कोणाचा ते सांगते, मग प्रवेशाचं.

आयर्लंडमध्ये सरकार पैसे देतं, अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, तपासणी करतं. शाळा मात्र बहुतांशी सरकारच्या मालकीची नसते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पटकन कळेल, कारण आपल्या खासगी अनुदानित शाळा अशाच चालतात: संस्था वेगळी, पगार सरकारचा. इथे जुन्या शाळा कॅथलिक नन्सनी, ब्रदर्सनी किंवा चर्चच्या धर्मप्रांताने काढल्या. त्यांना ऐच्छिक माध्यमिक शाळा म्हणतात. आज तिथे नन्स शिकवताना जवळजवळ दिसत नाहीत, मालकी आणि ध्येयधोरण मात्र त्यांच्या विश्वस्त मंडळांकडे आहे. दुसरा प्रकार ईटीबीच्या शाळांचा. ईटीबी म्हणजे शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. १९३० च्या कायद्याने आलेल्या व्यवसाय शिक्षण समित्यांचं हे नवं रूप. १ जुलै २०१३ ला तशा ३३ समित्या एकत्र करून १६ ईटीबी केल्या. त्यांच्यावर काउंटीचे नगरसेवक, पालकांचे आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी बसतात. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती डोळ्यांसमोर आणली तर फार चुकणार नाही. तिसरा प्रकार कम्युनिटी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांचा, तो या दोन्हींच्या मधला.

अ‍ॅथलोनमध्ये चार नावं कानावर पडतील. अवर लेडीज बॉवर मुलींची, मॅरिस्ट कॉलेज मुलांची, अ‍ॅथलोन कम्युनिटी कॉलेज मिश्र आणि लाँगफर्ड-वेस्टमीथ ईटीबीच्या हाताखालचं, आणि समरहिलमधलं कोलाश्ता खिअरॉन, तेही मिश्र. समरहिल आणि मंक्सलँड हा पश्चिमेचा भाग रॉसकॉमन काउंटीत येतो. म्हणजे नगरपालिकेच्या दृष्टीने दुसरी काउंटी आणि दुसरी ईटीबी, पण रोजच्या जगण्यात गाव एकच. घर मंक्सलँडला आणि शाळा पुलापलीकडे, असं सर्रास असतं. ‘कॉलेज’ या शब्दाने गोंधळू नका. मॅरिस्ट कॉलेज ही बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची शाळाच आहे.

प्रकार कोणता यावर तक्रार कुठे जाते हे ठरतं. ऐच्छिक शाळेत शाळा व्यवस्थापन मंडळच शिक्षक नेमतं. मंडळावर आठ जण असतात: विश्वस्तांचे चार, निवडून आलेले दोन पालक, दोन शिक्षक. मुख्याध्यापक सचिव म्हणून बसतात, त्यांना मत नसतं. पगार कॉर्नामॅडीतून थेट शिक्षकाच्या खात्यात जातो. ईटीबीच्या शाळेत शिक्षक हे ईटीबीचे नोकर, पगार ईटीबी देते आणि शाळेचं मंडळ ही ईटीबीची उपसमिती असते. त्यामुळे ईटीबीच्या शाळेतलं प्रकरण मुख्याध्यापक आणि मंडळापाशी सुटलं नाही तर वर ईटीबीचं मुख्य ऑफिस असतं. ऐच्छिक शाळेत मंडळाच्या वर तसा पायऱ्यांचा जिना नाही. कोणत्याही शाळेत क्रम मात्र ठरलेला: आधी संबंधित शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग मंडळाचे अध्यक्ष लेखी. हा क्रम सोडून खात्याला ईमेल केला तर ‘कृपया शाळेशी संपर्क साधा’ असंच उत्तर येतं. सगळ्या पायऱ्या संपल्या आणि मुलावर अन्याय झाला असं वाटलं तर बालकांचे लोकपाल आहेत, पण तेही शाळेची प्रक्रिया आधी पूर्ण झाली का हे विचारतात.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांना ओळखीची वाटेल. आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, तसंच इथेही ३० सप्टेंबरचा पट धरून ऑक्टोबरचं विवरण खात्याला जातं. त्यावर पुढच्या वर्षीचे शिक्षक आणि अनुदान ठरतं. विनाशुल्क योजनेतल्या शाळेला सर्वसाधारणपणे १९ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, शुल्क घेणाऱ्या शाळेला २३ मागे एक. म्हणून सप्टेंबरमध्ये शाळा पटाबद्दल फार काटेकोर असते. तुमचं मूल गाव सोडून डब्लिनला जाणार असेल तर ते वेळेवर लेखी कळवा. एका मुलाची नोंद एकाच वेळी दोन शाळांत राहिली की पीपीएस क्रमांकावर (आपल्या आधारसारखा इथला सरकारी ओळख क्रमांक) ती लगेच दिसते आणि दोन्ही शाळांना त्रास होतो.

आता प्रवेश. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखी एक खिडकी, गुण टाका आणि यादी पाहा, असं अ‍ॅथलोनमध्ये नाही. प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा आणि तो प्रत्येक शाळेत वेगळा भरायचा. पूर्वी मूल जन्मल्यावर नाव टाकून ठेवायची पद्धत होती. वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्यांमुळे नव्याने आलेल्या कुटुंबाला जागाच उरत नसे. २०१८ च्या शाळा प्रवेश कायद्याने हे बंद केलं. जुन्या याद्या टप्प्याटप्प्याने संपवल्या. हा कायदा आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी फार मोलाचा आहे आणि तो पालकांनी मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

त्या कायद्याचं सार असं. पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी शाळा आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी अर्ज घेऊ शकत नाही. म्हणजे मूल प्राथमिकच्या सहावीत, शेवटच्या वर्षात असताना, त्या ऑक्टोबरपासूनच धावपळ सुरू होते. त्याआधी शाळेच्या वेबसाइटवर वार्षिक प्रवेश सूचना लागते. तिच्यात अर्ज कधी सुरू, कधी बंद, किती जागा, निर्णय कधी, होकार कधीपर्यंत द्यायचा, हे सगळं असतं. मुदतीत आलेल्या अर्जांत आधी आला म्हणून आधी जागा असं करता येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी रांग लावायची गरज नाही. मुदतीनंतर आलेला अर्ज मात्र सगळ्यांच्या मागे जातो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत नाही, चाचणी नाही, अर्जाचं शुल्क नाही. प्रवेश दिल्यानंतर शाळा एक क्षमता चाचणी घेते, ती वर्गवारीसाठी आणि कोणाला जास्त मदत लागेल हे कळण्यासाठी. तिच्यासाठी शिकवणी लावू नका. उलट मुलाला खरी मदत लागत असेल तर ती झाकली जाते.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की शाळेच्या प्रवेश धोरणातले निकष क्रमाने लावतात. भावंड शाळेत आहे का, ठरावीक प्राथमिक शाळांतून आलं का, शाळेने ठरवलेल्या परिसरात राहतं का, माजी विद्यार्थ्याचं मूल आहे का. माजी विद्यार्थ्यांची मुलं-नातवंडं हा निकष २५ टक्क्यांपेक्षा जास्त जागांना लावता येत नाही. प्राथमिक शाळांत कॅथलिक बाप्तिस्म्याची अट याच कायद्याने काढली, पण माध्यमिक शाळांना ती बंदी नाही. म्हणून हिंदू कुटुंबाने धोरणात धर्माचा निकष आहे का आणि असला तर कितव्या क्रमांकावर आहे, हे शब्दशः पाहावं. तो शेवटी असेल तर फरक पडत नाही, वर असेल तर फार पडतो.

सूचनेतला सगळ्यात उपयोगी परिच्छेद लोक वाचतच नाहीत. मागच्या वर्षी अर्ज जास्त आले असतील तर किती आले आणि कोणत्या निकषात किती जागा गेल्या, हे तिथे द्यावं लागतं. दुसऱ्या निकषातच जागा संपल्या असतील आणि तुमचं मूल चौथ्या निकषात बसत असेल, तर ती शाळा पहिल्या पसंतीची ठेवली तरी दुसरीकडे अर्ज भरणं भागच आहे. निकषात बरोबरी झाली तर चिठ्ठ्या टाकतात.

चुका कुठे होतात ते सांगते. पत्त्याचा पुरावा जुन्या भाड्याच्या घराचा राहतो. आईवडिलांपैकी एकाच्याच नावावर बिल असतं आणि अर्जावर दुसऱ्याचं नाव. भावंडाचं आडनाव पासपोर्टवर वेगळं लिहिलेलं असल्याने भावंडाचा निकष लागत नाही, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालण्याची पद्धत असल्याने हे बरेचदा घडतं. दुसऱ्या शाळेचा देकार स्वीकारला आहे का, या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं तर देकार रद्द होऊ शकतो. होकार लेखी आणि मुदतीत दिला नाही, किंवा शाळेची आचारसंहिता मान्य असल्याची सही केली नाही, तरीही तो रद्द होतो. सुट्टीत पुण्याला गेलात आणि मेल पाहिला नाही, ही सबब चालत नाही.

नकाराचं पत्र आलं तर फाडून टाकू नका. त्यात कारण, तुमच्या मुलाचा निकषांतला क्रम, प्रतीक्षायादीतला क्रमांक आणि अपिलाचा हक्क असायला हवा. जागा भरल्याचं कारण असेल तर आधी व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचार मागावा लागतो, तोही निर्णयापासून २१ दिवसांत आणि लेखी. ही पायरी चुकली तर पुढचं दार बंद. त्यानंतर १९९८ च्या शिक्षण कायद्याच्या २९ व्या कलमाखाली खात्याच्या समितीकडे अपील, मूळ नकारापासून ६३ दिवसांच्या आत. दिवस मोजताना शनिवार-रविवार धरायचे. ही समिती एवढंच पाहते: शाळेने आपलं स्वतःचं छापील धोरण बरोबर लावलं का? मूल किती हुशार आहे, मित्र त्याच शाळेत गेले, आईची हॉस्पिटलातली ड्यूटी रात्रीची असते, यातलं काहीही तिथे मोजलं जात नाही. ‘आमचा पत्ता तिसऱ्या निकषात बसतो, तुम्ही पाचव्यात टाकला, हा पुरावा’ असं एका पानाचं पत्र दहा पानांच्या विनंतीपेक्षा कामाचं. प्रतीक्षायादी त्याच शैक्षणिक वर्षापुरती असते. ती खरी हलते ती देकार नाकारले जातात तेव्हा, म्हणून दोन-दोन शाळांचे देकार धरून बसणाऱ्या कुटुंबांनी एक लवकर सोडावा. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची झोप त्यावर अवलंबून असते.

भारतातून मध्येच आलेल्या मुलाचं वय शाळा आधी पाहते. पहिल्या माध्यमिक वर्षात बसण्यासाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या १ जानेवारीला मूल बारा वर्षांचं असावं लागतं. आपली सातवी झालेलं मूल साधारण इथे बसतं. दहावी करून आलेल्या मुलाला चौथं किंवा पाचवं वर्ष मिळतं. माझ्या मते अशा मुलाने शक्य असेल तर चौथं, म्हणजे ट्रान्झिशन इयर घ्यावं. हे १९७४ पासून असलेलं एक वर्ष परीक्षेशिवाय, कामाचा अनुभव आणि विषय चाखून पाहण्यासाठी असतं. ‘वर्ष वाया जातं’ असं आपल्या लोकांना वाटतं, पण इथल्या इंग्रजीच्या निबंधाची सवय नसलेल्या मुलाला ते वर्ष सोन्यासारखं असतं. काही शाळांत ते सक्तीचं, काहींत ऐच्छिक, आणि सहली-उपक्रमांचे काही शे युरो लागतात.

आयरिश भाषेचा प्रश्न तर प्रत्येक घरात येतो. बारा किंवा जास्त वयात परदेशातून थेट इथल्या शाळेत आलेल्या मुलाला आयरिशमधून सूट मिळू शकते. मेख वयात आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी आलेलं, प्राथमिकच्या पाचवीत बसलेलं मूल या कारणाने सुटत नाही, त्याला आयरिश शिकावीच लागते. सूट मुख्याध्यापक देतात, पालकांच्या लेखी अर्जावर, आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते पासपोर्टाबरोबर जपून ठेवा. नाकारलं तर ३० दिवसांत अपील. आणि शाळेची सूट मिळाली म्हणजे विद्यापीठाचीही मिळाली असं नाही: राष्ट्रीय विद्यापीठाच्या कॉलेजांना, म्हणजे डब्लिनचं यूसीडी, कॉर्क, गॉलवे, मेनूथ यांना आयरिश विषय लागतो आणि तिथली सूट वेगळ्या अर्जाने घ्यावी लागते. अ‍ॅथलोनमध्येच असलेल्या शॅनन तंत्रज्ञान विद्यापीठाला किंवा ट्रिनिटीला ती अट नाही. प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर मात्र आयरिश सोडू नका, तिथे ती वरच्या पातळीवर (हायर लेव्हल) लागते. मराठी किंवा हिंदी घेऊन शेवटची परीक्षा, म्हणजे सहाव्या वर्षाअखेरची लीव्हिंग सर्ट, देता येत नाही. पोलिश, लिथुएनियन, पोर्तुगीज आणि मँडरिन आता घेता येतात. ती त्या समाजांची चिकाटी.

हजेरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. माध्यमिक शाळा वर्षाला १६७ दिवस भरते. त्यांतले एकूण २० दिवस मूल गैरहजर राहिलं की शाळेला टुस्ला या बालक-कुटुंब संस्थेला कळवावंच लागतं, कारण आजारपण असो वा लग्न. डिसेंबरच्या सुट्टीला तीन आठवडे जोडून भारतात गेलं आणि वर पाच-सहा दिवस ताप, की झाले वीस. कोणी पोलीस पाठवत नाही, पण पत्र येतं, बैठक होते आणि मुलाच्या मनाला लागतं. लग्नं जून ते ऑगस्टमध्ये गाठावीत, तेव्हा तीन महिने सुट्टीच असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली सुट्टी कधी कधी दिवाळीला धरून येते.

बस हवी असेल तर: सरकारी शाळा-बस १९६७ पासून, विनाशुल्क शिक्षणाबरोबरच सुरू झाली. माध्यमिकसाठी हक्काच्या तिकिटाची अट वर्षानुवर्षं अशी आहे की घर जवळच्या शाळेपासून ४.८ किलोमीटर किंवा जास्त लांब हवं आणि मूल त्याच जवळच्या शाळेत जायला हवं. आवडीची म्हणून लांबची शाळा घेतलीत तर जागा उरली तरच तिकीट, आणि ती पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. अर्ज वसंतात, एप्रिलमध्ये. ऑगस्टमध्ये आठवण झालेल्यांना गाडीने सोडावं लागतं. पुस्तकं सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सहाही वर्षांना विनाशुल्क योजनेत शाळेतूनच मिळतात. ‘ऐच्छिक देणगी’चं पत्र आलं तर ती खरोखर ऐच्छिक आहे. न दिल्यामुळे कपाट, विषय किंवा प्रवेश अडवता येत नाही.

शाळा निवडताना पालक नाव विचारतात. विचारायला हवं ते विषयांचं. छोट्या गावात वरच्या दोन वर्षांत भौतिकशास्त्राचा किंवा अ‍ॅप्लाइड मॅथ्सचा वर्ग पुरेशी मुलं नसली तर भरतच नाही. विषय रकान्यांत लावलेले असतात आणि एका रकान्यातून एकच घेता येतो. रसायन आणि भौतिक एकाच रकान्यात असले तर दोन्ही घेता येणार नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओपन नाइटला हेच विचारा: मागच्या दोन वर्षांत पाचव्या वर्षात भौतिकचा वर्ग भरला का, गणिताचे वरच्या पातळीचे किती वर्ग, तांत्रिक चित्रकला आणि लाकूडकाम मुलींनाही मिळतं का. तपासणी अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर २००६ पासून खुले आहेत, विषयवारही आहेत. ते वाचून जा.

गणित वरच्या पातळीवर ठेवण्याला अर्थ आहे. शेवटच्या परीक्षेत वरच्या पातळीचा एच-१ म्हणजे ९० टक्क्यांवर, १०० गुणांक. एच-२ ला ८८, एच-३ ला ७७, एच-४ ला ६६, एच-५ ला ५६. साध्या पातळीच्या ओ-१ लाही ५६ च. वरच्या गणितात एच-६ किंवा वर मिळालं की २५ जास्तीचे, पण गणित सर्वोत्तम सहा विषयांत धरलं गेलं तरच. म्हणून कमाल ६२५. कॉलेजचा अर्ज गॉलवेच्या सीएओकडे, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय ऑफिसकडे, १ फेब्रुवारीपर्यंत. जीव, रसायन, भौतिक आणि व्यवसाय या विषयांचा नवा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात प्रकल्पाला ४० टक्के गुण आहेत आणि पहिली परीक्षा २०२७ ला. पाठांतरावर विसंबलेल्या मुलांनी हे आतापासून लक्षात घ्यावं.

आणि कॉर्नामॅडीचं दार तुमच्यासाठी खरं उघडतं ते परीक्षेनंतर. ऑगस्टमध्ये निकाल पोर्टलवर लागतो, मग तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यासाठी अर्ज करता येतो. आधी ती पाहा, आयोगाची छापील गुणदान पद्धत शेजारी ठेवून एकेक प्रश्न मोजा, आणि मगच अपील करा. अपिलाचे विषयामागे ४० युरो, श्रेणी वाढली तर परत मिळतात. फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात, म्हणून एच-२ ची कड गाठायला एक-दोन टक्के कमी पडले असतील तर अपील करावं, सात-आठ पडले असतील तर ते पैसे राहू द्यावेत.